कर्नलने चाटलेली भिंत

सातुकाच्या घराची मागची भिंत शेजारच्या आनाक्लेतोचा लामा चाटत असे, आणि त्यावरून भांडण झालं नाही असा दिवस त्या गावात मावळत नसे.

लामा म्हणजे तिकडचं लांब मानेचं, लोकरीचं जनावर; याचं नाव कर्नल. कानांत लाल लोकरीचे गोंडे, चालण्यात ऐट आणि डोक्यात उजेड बेताचाच. सातुकाचं घर मिठाच्या विटांचं. तुनुपा डोंगराच्या पायथ्याशी, जिथून उयुनीचं मिठाचं मैदान सुरू होतं, तिथे घर आणखी कशाचं बांधणार? पण कर्नलच्या लेखी ते घर नव्हतंच, वाढून ठेवलेलं ताट होतं.

"कोम्पाद्रे, तुमचं जनावर माझं घर जेवतंय!" सातुका रोज संध्याकाळी ओरडायची. आनाक्लेतो तिच्या मुलाचा धर्मपिता, म्हणून तो तिचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे.

"जेवत नाही हो, कोमाद्रे, नुसतं चाखतोय," तो टोपी मागे सारत म्हणायचा. "तुमच्या हातालाच चव आहे, त्याला तो बिचारा काय करणार?"

"विटा माझ्या नवऱ्याने कापल्या होत्या, देव त्याला शांती देवो. आणि त्याच्या हाताला चव कधीच नव्हती!"

पण यंदा गंमत उरली नव्हती. सातुका पैसे घेऊन पाहुणे ठेवायची, आणि पाहुणेच येईनासे झाले होते. मुलगा लिंबेर दूर कोचाबांबा शहरात, चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याने फोनवर निक्षून सांगितलं, "आई, हे शेवटचं. उयुनीच्या सहलवाल्याने घर पसंत केलं तर राहा. नाहीतर बोचकं बांध आणि चल इकडे."

त्या चौथ्या मजल्यावर सातुका एकदा राहून आली होती. खिडकीतून समोरची खिडकी दिसायची, आणि तिच्यात एक परका माणूस दाढी करताना. मरेपर्यंत त्या माणसाची दाढी बघायची, या विचारानेच तिला घास गिळवत नसे.

सहलवाला, सेन्योर ओबिदियो, दुपारी येणार होता. सकाळीच सातुकाने धरणीमातेला, पाचामामाला पाजलं. घराच्या चारी कोपऱ्यांत बिअर ओतली, दारावर रंगीत कागदाच्या पट्ट्या लावल्या. मग वाटलं, एवढं मोठं मागणं आणि नुसत्या बिअरवर? तिने सिंगानीची बाटली काढली, आणि मागची भिंत सगळ्यांत अशक्त म्हणून ती दारू तिलाच शिंपडली. ती स्वयंपाकाला आत वळली न वळली तोच आनाक्लेतो चवड्यांवर चालत तिथे आला. कोमाद्रेचं काम व्हावं म्हणून त्यानेही आपली बाटली गुपचूप त्याच भिंतीवर रिती केली. अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही. पाचामामाने आपल्या वाट्याची घेतली, उरलेली कर्नलने.

पाहुण्यांच्या खोलीत त्या भिंतीचा मधला भाग चाटून चाटून पापडासारखा झाला होता. सातुकाने त्यावर एक भलंमोठं कॅलेंडर टांगलं होतं: बर्फाचा डोंगर, हिरवं कुरण आणि ठिपक्यांची गाय, कुठल्यातरी परक्या मुलखातली.

सेन्योर ओबिदियो आला तोच कंटाळलेला चेहरा घेऊन. "काय आहे तुमच्याकडे बघण्यासारखं?"

"तुनुपा आहे, सेन्योर. निवडुंगांचं बेट आहे. गुहेत आपली शेकडो वर्षांपूर्वी मेलेली माणसं बसलीत, वाळलेली. पावसाळ्यात मैदानाचा आरसा होतो. सूर्यास्त तर..."

"सूर्यास्त सगळ्यांच्याच घरावरून होतो, सेन्योरा," तो म्हणाला आणि किन्वाचं सूप पिऊन खोलीत आडवा झाला. भिंतीकडे बघत म्हणाला, "हा कुठला डोंगर?"

"ठाऊक नाही. टायरवाल्याने दिलं कॅलेंडर."

"गाय मात्र बरी आहे."

सातुकाला धीर आला. तेवढ्यात गाईचं पोट फुगलं. मग ते टरकन फाटलं, मिठाचा ढीग कोसळला, आणि त्यातून कर्नलची मान आत आली. गळ्यात कॅलेंडर, कानावर जांभळी पट्टी, तोंडाला सिंगानीचा भपकारा. त्याने सेन्योर ओबिदियोकडे आदराने पाहिलं, ढेकर दिली, उशीवर हनुवटी टेकवली आणि घोरायला लागला.

सातुकाने डोळे मिटले. समोर तो दाढी करणारा माणूस आला.

बाहेरून आनाक्लेतोचा आवाज आला. "कोमाद्रे, तुम्ही आतून ढकला, मी शेपटीकडून ओढतो!"

"याला पाजलीत तुम्ही?"

"मी पाचामामाला पाजली! थोडीशीच. एक बाटली."

"अहो, एक बाटली तर मीच ओतली होती!"

"म्हणजे दोन," पलंगावरून सेन्योर ओबिदियो म्हणाला. मग त्याच्या घशातून विचित्र आवाज यायला लागला. सातुकाला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. सवय नसल्यामुळे फार वाईट हसत होता, डोळ्यांतून पाणी काढत, कर्नलच्या मानेचा आधार घेत.

कर्नल निघाला तेव्हा भिंतीला हे एवढं भगदाड, आणि त्यातून उन्हात न्हालेला आख्खा तुनुपा दिसत होता. सेन्योर ओबिदियोने डोळे पुसले.

"डोंगर मी रोज दाखवतो, सेन्योरा. पण उशीला लामा येतो असं घर माझ्याकडे एकही नाही. उद्यापासून पाहुणे पाठवतो. भोक बुजवायचं नाही. आणि हा रोज यायला हवा, दारू न पिता."

तो गेला. सातुका भगदाडापाशी आली. पलीकडे आनाक्लेतो टोपी हातात घेऊन उभा होता.

"रोज येईल का हो हा?"

"येईल, कोमाद्रे." त्याचा चेहरा लामाच्या गोंड्यांसारखा लाल झाला. "तसा तो आपणहून कधी आलाच नाही. मीच दोरीला धरून आणायचो."

"काय म्हणता!"

"मीठच चाटायचं तर आख्खं मैदान पडलंय की माझ्या दारात."

"मग माझीच भिंत कशाला?"

"तुम्ही बाहेर येऊन ओरडायचात ना," तो म्हणाला. "तेवढं बरं वाटायचं."

 रात्री सातुकाने लिंबेरला फोन करून सांगितलं, "मी येत नाही," आणि त्याने कारण विचारायच्या आत ठेवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नवी शाल घेऊन, वेण्या घालून, सणाची टोपी नीट बसवून घरामागे येऊन बसली. सावल्या लांबल्या. पाहुण्यांची गाडी मैदानावर ठिपक्याएवढी दिसायला लागली, तरी शेजारच्या वाटेवर कोणी नाही. शेवटी तिला राहवेना. ती उठली आणि आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"कोम्पाद्रे, कुठे मेलात? भिंत कधीची वाट बघतेय!"