पडद्याआडची रोपं

तनुजाने टोमॅटोची बारा रोपं कागदी कपांत वाढवायला घेतली होती. कप ठेवले होते लेकीच्या, रेवाच्या खोलीत, खिडकीलगतच्या टेबलावर. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर चांगलं ऊन यायचं ते तिथेच. तरी रोपं सुतासारखी नुसती उंच होत चालली होती. पांढुरकी, लुळी.

"रोज पट्टी लावून मोजतेस," तिचा नवरा विक्रम म्हणाला. "घाबरून वाढत असतील बिचारी."

ती हसली नाही. शनिवार-रविवार ती घरी असली की रोपं जरा सावरायची आणि गुरुवारपर्यंत पुन्हा माना टाकायची. खिडकी तीच, ऊन तेच. मग ती ऑफिसला गेल्यावर पडदा कोण ओढत होतं?

नऊ महिन्यांच्या रेवाला सांभाळायला विक्रमची शकूआत्या वाघोलीहून येऊन राहिली होती. विक्रमला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. तिला विचारायचं म्हणजे जपूनच.

"आत्या, दिवसा पडदा लावता का हो?"

"मी कशाला लावू? उघडाच हाय की. पोरगी उन्हात खेळती." आत्या लसूण सोलत राहिली. "रोपांचं काय घेऊन बसलीस सूनबाई? पोर बघ कशी गुणाची हाय. रडायचं नाव नाय."

रडायचं नाव नव्हतं, हे खरंच. तीन आठवडे झाले, संध्याकाळी मांडीवर घेतलं तरी रेवाचे डोळे अर्धवट मिटलेले असायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र रांगणं, किरकिर, भांड्यांची आदळआपट. आणि गुरुवारपर्यंत पुन्हा...

हे डोक्यात आलं तेव्हा तनुजा ऑफिसच्या कँटीनमध्ये होती. घास हातातच राहिला. तिने रिक्षा गाठली.

खालूनच दिसलं. दुपारचे साडेबारा, आणि तिसऱ्या मजल्यावरचा पडदा बंद.

दिवाणखान्यात आत्या घोरत होती. ओट्यावर सहाण ओली होती आणि शेजारी जायफळ. रविवारी तनुजाने स्वतः मंडईतून आणलेलं, अख्खं. बाळगुटीत आठवड्यातून दोनदा एकच वेढा उगाळायचा, असं ठरलं होतं. चारच दिवसांत सुपारीच्या खांडाएवढं उरलं होतं.

खोलीत अंधार. पडद्याच्या फटीतून एक रेघ आत येत होती आणि बाराही रोपं तिच्याकडे वाकली होती. तनुजाने पडदा खसकन ओढला. ऊन थेट रेवाच्या तोंडावर पडलं.

रेवाने डोळे मिचकावले नाहीत.

"रेवा. ए रेवा!" उचलली तर मान मागे कलंडली. श्वास होता; एक आला, आणि पुढचा यायला फार वेळ लागला.

"झोपू दे की गं तिला." आत्या दारात उभी होती, गुडघ्यावर हात ठेवून. "माझ्यानं धावणं होत नाय तिच्यामागं. चार वेढं जास्ती दिलं, एवढंच. विक्रमलाबी देत होते. काय झालं त्याला?"

रेवाला खांद्याशी घट्ट धरून तनुजा जिन्याकडे धावली.

"अगं, चप्पल तरी घाल!" आत्या मागून ओरडली.

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तनुजाने रेवाचे तीन श्वास मोजले होते. चौथ्याची ती अजून वाट पाहत होती.