हेडखालचा पत्रा

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल इतकं महागलं की महाल भागातल्या वकिलांनीही फियाटी झाकून ठेवल्या आणि सायकली काढल्या. बळीराम मेकॅनिकला नेमकं त्याच साली जास्त पेट्रोल पिणारं इंजिन बांधायचं सुचलं. त्याचं सगळं असंच असायचं.

गाडी चार सिलिंडरची जुनी फियाट, कुणी फुकटही नेईना म्हणून त्याच्या गॅरेजमागे पडलेली. ब्लोअर कामठीच्या लष्करी भंगारातला, कधीकाळी विमानात बसलेल्यांसाठी हवा भरायचा. कार्बोरेटर जीपचा. हवेचा मार्ग पलंगाच्या पाइपांतून वेल्डिंग करून काढलेला. तो पलंग त्याच्या बायकोच्या, गोपिकाच्या, माहेरचा होता, आणि नवऱ्यापायी आपण जमिनीवर निजतो हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. पिस्टन तेवढे नवे होते. ते गेले की दुसरे आणायची बळीरामची ऐपत नव्हती.

इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, थोडं वाकलं होतं. ते सपाट करायला बळीरामनं रामाजी उस्तादांकडे दिलं. त्याला पाना धरायला शिकवला तो रामाजींनीच. हेड घासण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. उस्तादांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीचं हेड चांगलं घासलेलं असायचं. हेड घासलं की सिलिंडरमधली जागा कमी होते, दाब वाढतो, गाडी चपळ होते, आणि गिऱ्हाईक खूश. बळीरामनं फक्त सपाट करायला सांगितलं होतं. चार दिवसांनी उस्ताद स्वतः हेड घेऊन आले.

"तुह्या गाडीले जरा जास्तच घासून देल्लं गा," ते म्हणाले. "घरची गाडी हाय. मजुरी नाही घेत मी."

ब्लोअर मुळातच हवा दाबून भरतो. तिला आत आणखी आवळलं तर पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं, असं कामठीच्या एका फौजी मेकॅनिकनं त्याला बजावलं होतं. या इंजिनला जागा वाढवून हवी होती, आणि उस्तादांनी ती प्रेमानं कमी करून आणली होती.

"सांगून द्या ना जी सरळ," गोपिका म्हणाली.

"उस्तादाले मी शिकवू काय वं? त्याइच्या मनातून उतरलो तर मंग गाडी काय चाटू?"

तो इतवारीतल्या तांबटाकडे गेला आणि हेडच्या आकाराचा जाड तांब्याचा पत्रा कापून आणला. हेडखाली पत्रा घातला की गेलेली जागा भरून निघत होती, वर आणखी मिळत होती. पत्र्याची लालसर कड बाहेरून दिसे, म्हणून त्यानं तिच्यावर स्वस्तातला चंदेरी रंग फासला. आपल्या हुशारीवर तो दोन दिवस खूश होता.

बांधलेल्या इंजिनला पहिलं हँडल उस्तादानं मारायचं, हा त्यांच्यातला रिवाज. रविवारी रामाजी धुतलेला सदरा घालून आले. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन लागलं. जबलपूर रोडवर बळीरामनं पाय दाबला, ब्लोअर शिटी घालू लागला आणि गाडी अशी सुटली की रामाजींनी दाराची कड घट्ट धरली.

"पाह्य, हेड बोलून राहिलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. बळीरामला त्यांच्याकडे बघवेना.

परत आल्यावर रामाजींनीच बॉनेट उघडलं. इंजिनच्या धगीनं रंगाचे पोपडे उडाले होते आणि तांबं उघडं पडलं होतं. रामाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय होय गा?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बळीरामनं खाली बघत सगळं सांगितलं. ब्लोअर, दाब, पिस्टन, तांबट, रंगसुद्धा.

"तवाच काहून नाही सांगतलं?"

"तुमचा मान, उस्ताद..."

"मान." रामाजी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले. "उमर गेली माही गाड्या खोलण्यात. ब्लोअर कदी पाह्यला नाही. मले दुसरं कोण शिकवणार होतं? तू तर होता ना."

बळीराम पाया पडायला वाकला, तसे त्यांनी पाय मागे ओढून घेतले. "पाय नको धरू. हेड खोल."

गाडी दाखवायला बळीरामनं बडकस चौकात मित्रांना थांबवून ठेवलं होतं. पत्रा एकदा काढला की भाजून मऊ केल्याशिवाय पुन्हा बसणार नव्हता, म्हणजे आजचा दिवस गेलाच. तरी त्यानं पाना काढून ठेवला. इंजिन निवेपर्यंत दोघांनी गोपिकाच्या हातचा चहा घेतला, एकमेकांकडे न बघता. मग बळीरामनं नट काढले, हेड उचललं आणि पत्रा उस्तादांच्या मांडीवर ठेवला. तो बोलत गेला, रामाजी पत्र्याच्या भोकांवरून बोट फिरवत ऐकत गेले. मध्येच त्यांनी त्याला थांबवलं.

"मंग म्या हेड कसं ठेवायले पायजे होतं, उस्ताद?"

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. बळीरामनं हेड उलटं करून त्यांच्यापुढे धरलं आणि किती घासायला हवं होतं ते बोटानं दाखवलं.