दोन बाह्यांचं अंतर

मोठीबाईंनी तिकीट हातात घेऊन हिशेब मांडला. विमान पहाटे पाचला सुटणार, संध्याकाळी पाचला पोचणार. म्हणजे बारा तास. एका बाहीवर मणी टाकायला पाच तास, बाह्या दोन. वर जेवण आणि डुलकीला दोन तास शिल्लक. विमानवाल्यांनी जणू त्यांना विचारूनच वेळ ठरवली होती.

नातीला लग्नाच्या झग्याला मण्यांच्या लांब बाह्या हव्यात हे आठवड्यापूर्वी सुचलं. बाईसाहेबांची हौस! आधीची विमानं भरलेली, त्यामुळे विमानतळावरून थेट हॉलवर जायचं, सातला लग्न. मोठीबाईंच्या शिवणाच्या दुकानातून अर्धवट कपडा आजवर बाहेर पडला नव्हता. आता लेकीच्या लेकीलाच तसा घालायचा की काय?

तपासणीवाल्यानं कात्री काढून घेतली, सुया राहू दिल्या. "ठेव बाबा, दोरा तोडायला दात आहेत मला," म्हणत त्या विमानात चढल्या. शेजारी सून. दुकानात सुनेकडे काजं, बटणं आणि रुसलेली गिऱ्हाइकं. मण्यांच्या डबीला हात लावायची तिला बंदी होती.

मोठीबाई पोटभर जेवल्या, मस्त घोरल्या. मग झगा मांडीवर पसरून त्यांनी सुईत दोरा ओवला. समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान सरकत होतं.

"काय गं लिहिलंय?"

"चार हजार किलोमीटर उरलेत, आई. पाच तास."

"दहा म्हण."

"पाचच. तिथली घड्याळं आपल्यापुढे पाच तास असतात. तिकिटावरचे पाच तिथले."

"मग घरी दातखीळ बसली होती का तुझी?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घड्याळ मला शिकवू नकोस."

मोठीबाईंनी बोटांवर मोजलं. दोन बाह्या, पाच तास. त्यांनी पडद्याकडे असं बघितलं की विमानाची हिंमत असती तर थांबलंच असतं. मग डबी दोघींच्या मधे ठेवली.

"डावी तू घे. टाका बारीक. आणि सारखं तुझ्याकडे बघत बसायला मला वेळ नाहीये, समजलं?"

झगा दोघींच्या मांड्यांवर आडवा पसरला. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती. मोठीबाई चार मणी टाकायच्या आणि सुनेच्या बाहीवर वाकायच्या. "सैल आहे." "हा वाकडा." "हा... बरा आहे." कॉफीची गाडी आली तशी दोघी एका सुरात ओरडल्या, "लांब!"

विमान टेकलं तेव्हा सुनेची बाही पुरी झाली होती. मोठीबाईंच्या बाहीच्या मनगटाजवळच्या दोन ओळी राहिल्या होत्या. दुसऱ्याच्या बाहीची राखण करण्यात वेळ जाणारच. माणसं सामान काढून निघून गेली, हवाई सुंदरी येऊन उभी राहिली.

"आई, मी टाकू?" सून हळूच म्हणाली.

मोठीबाईंनी सुई घट्ट धरली. मग नातीचं मनगट डोळ्यांसमोर आलं. त्यांनी सुई सुनेच्या हातात दिली आणि स्वतः बाही ताणून धरली, शिकाऊ पोरीसारखी.

"मॅडम, उतरायचंय ना?" सुंदरीनं विचारलं.

"थांब जरा. कारागिराला घाई करू नये."

सात वाजायच्या आत झगा नातीच्या अंगावर होता. नवऱ्यामुलाची मावशी बाह्यांवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या मुलीला अश्शाच हव्यात. किती दिवस लागतील?"

"मण्यांचं माझ्या सुनेला विचारा," मोठीबाई म्हणाल्या. "आणि घासाघीस करायची नाही. ती गोड बोलते, मी नाही."