कपाटाखालचे ठोकळे

गाडी खाली येते आहे असं मला वाटलं, तेव्हा मी स्टुलावर बसून बॅटरी धरली होती आणि बायको गाडीखाली होती.

आमच्या घरात गाडीचं काम बायको करते. हे सांगताना मला अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं, तिला कधीच होत नाही. तिचे वडील मालट्रक दुरुस्त करायचे. बाकीच्या मुली बाहुल्यांशी खेळत त्या वयात ती नटबोल्ट मापाप्रमाणे डब्यांत लावून ठेवायची. मी चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं क्रमाने लावली. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा तिच्या वडिलांनी मला एवढंच विचारलं होतं, की गाडी चालवता येते का. मी नाही म्हणालो. ते जरा विचार करून म्हणाले, "असू दे. तिला येते."

तर त्या रविवारी सायलेन्सरचा नळा कुठेतरी फुटला होता आणि गाडी खाकरत होती. बायकोनं मागची बाजू जॅकवर चढवली. जॅक तिच्या वडिलांचा, बाटलीच्या आकाराचा, तेलावर चालणारा. त्याचा रंग उडून कित्येक वर्षं झाली, पण दांडा हात लागून लागून चकचकीत झाला आहे. ती पाठीवर आडवी झाली आणि सरकत आत गेली. बाहेर फक्त पाय राहिले. माझं काम प्रकाश धरायचा आणि मागेल तो पाना द्यायचा. पान्यांचे नंबर मात्र मला पाठ आहेत. आकडे मला कधी जड गेले नाहीत.

मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं. काही वेळानं ते मला तीन बोटं वाटलं.

मी डोळे मिटून उघडले. गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून कधी कधी दाराची चौकटसुद्धा मला वाकडी दिसते. तेच असणार, असं मनाशी म्हटलं. शिवाय बोललो आणि काहीच निघालं नाही तर? तिनं आत एका बोटानं नट तोलून धरलेला असायचा, माझ्यासाठी तिला सगळं सोडून बाहेर यावं लागायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत माझी थट्टा. मी बोललो नाही. चाकाकडे बघत राहिलो. तीन बोटं. मग अडीच असावीत.

तेवढ्यात पाठीला रग लागली म्हणून ती आपणहून बाहेर आली. तिनं जॅक सोडून गाडी खाली घेतली आणि हात पुसत म्हणाली, की नळा पूर्ण उतरवावा लागेल, दोन-तीन तासांचं काम आहे, पुढच्या रविवारी बघू. मी मान डोलावली. बॅटरी माझ्या हातात चालूच होती. ती तिनंच बंद केली.

सोमवारी ती तिच्या बहिणीकडे गेली. मी गॅरेजात शिरलो आणि आतून कडी लावली. माझ्या घरात मी कशाला कडी लावावी, पण लावली. ती जशी करते तसं सगळं केलं: पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक त्याच जागी ठेवला आणि दांडा मारून गाडी उचलली. मग पोलादी मोजपट्टी जमिनीवर उभी धरून चाकाखालची जागा मोजली. दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजत होतो. नोंदी करायला ग्रंथालयातली जुनी तालिका-पत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, घेतली. निवृत्त होताना ती मी रद्दीतून उचलून आणली होती, एका बाजूला कोरी असतात. अकरा पत्रं भरली. पहिल्या पत्रावर बासष्ट मिलिमीटर, अकराव्यावर एकोणचाळीस.

म्हणजे माझा डोळा ठीक होता.

हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण मी स्टुलावर बसलो तो बसलोच. रविवारी ती त्या गाडीखाली होती आणि मी शेजारी बसून बोटं मोजत होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी तिला सांगता आलं असतं. तसं ठरवलंही होतं. पण वडिलांच्या जॅकबद्दल ती एक शब्द ऐकून घेत नाही, हे एक कारण मला सापडलं. खरं कारण वेगळं होतं. जॅक हळूहळू खाली येतो म्हटलं की ती विचारणार, तुम्हाला कसं कळलं? मग रविवारचं सांगावं लागणार. म्हणून मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला: गुपचूप नवा, चांगला, भरवशाचा जॅक आणायचा. नवा आला की जुना आपोआप कोपऱ्यात जाईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

आठवडाभर मी जॅकवर वाचलं. ग्रंथालयात गेलो, तर माझ्या जागेवर आलेल्या बाईंनी मोटार-दुरुस्तीची चार पुस्तकं काढून दिली आणि विचारलं, "सर, आता गॅरेज काढताय की काय?" मी हसलो. पुन्हा तालिका-पत्रं भरली. गाडीबरोबर येतो तो कात्रीसारखा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता. बाटली जॅक ताकदीचा, पण बूड लहान, उंची जास्त. चार चाकांचा ट्रॉली जॅक बुडाशी रुंद, पटकन सरकतो, घरच्या गॅरेजला बरा. किती टन उचलतो, कमीत कमी किती खाली बसतो, जास्तीत जास्त किती वर जातो, जादा वजन आलं तर अडवणारा व्हॉल्व्ह आहे का, सगळं टिपलं. गाडीखालची, जॅक टेकवायची पट्टी जमिनीपासून किती वर आहे तेही मोजलं. इतकी तयारी मी नोकरीच्या मुलाखतीला केली नव्हती.

शनिवारी दुकानात गेलो. गाड्यांच्या सामानाचं दुकान, अरुंद, छतापर्यंत टायर आणि पट्टे. दुकानदार माझ्याच वयाचा, पोट गल्ल्याला टेकलेलं, चष्मा कपाळावर. मी पत्रं काढली आणि वाचायला सुरुवात केली. तीन पत्रं त्यानं ऐकून घेतली. मग त्यानं विचारलं, "पट्टीची उंची मोजलीत, छान केलंत. टायरमध्ये हवा असताना, की नसताना?"

मी म्हणालो, हवा असताना.

"आणि पंक्चर झाल्यावर गाडी तेवढीच वर राहणार का?"

मी पत्रांकडे बघितलं. चार पुस्तकांत हे कुठेतरी असणारच. माझ्याकडून सुटलं होतं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं आतून एक बुटका ट्रॉली जॅक ओढून आणला. अगदी खाली बसणारा, अडीच टनी, वरच्या वाटीत रबर बसवलेलं. दांडा फिरवून दाखवला. सावकाश सोडता येतो, धाडकन येत नाही. माझ्याकडून चार वेळा वरखाली करून घेतला. चौथ्या वेळी मला ते जमलं.

मी त्याला विचारलं, की हा भरवशाचा आहे ना. आठवडाभर माझा हाच एक प्रश्न होता.

त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "भरवशाचा म्हणून मी कुठलाच जॅक विकत नाही. जॅक उचलायला असतो. धरायला नसतो. नवा असो नाहीतर सोन्याचा असो, आतलं एक रबर गेलं की खाली येणारच. गाडीखाली कोण जातं, तुम्ही?"

"बायको."

त्यानं जॅक बाजूला सरकवला. मग हळू आवाजात विचारलं, की मग आधाराला काय लावता? स्टँड आहेत? नाहीतर लाकडी ठोकळे?

ठोकळे म्हटल्याबरोबर मला आठवले. चार ठोकळे. जाड, काळपट लाकडाचे, वीतभर उंच, एकावर कोरून तिच्या वडिलांनी तारीख घातलेली. जॅकबरोबर तेही आमच्याकडे आले होते. आमच्या मागच्या खोलीत जमिनीला ओल चढते. सोळा वर्षांपूर्वी माझ्या पुस्तकांच्या कपाटाचे पाय कुजायला लागले, तेव्हा मी ते चारही ठोकळे उचलून चार पायांखाली सरकवले. चार पाय, चार ठोकळे. त्या वेळी मला ही फार मोठी अक्कल वाटली होती.

तिनं मागितले होते. एकदा नाही, तीनदा. मी दर वेळी म्हणायचो, हो, एकदा पुस्तकं उतरवतो. साडेआठशे पुस्तकं उतरवायची, पुसायची, पुन्हा क्रमाने लावायची. मग तिनं मागणं सोडलं. तेव्हा गाडी नवी होती, कामं किरकोळ होती, हात घालून व्हायची. गाडी म्हातारी झाली तशी ती हळूहळू पूर्ण आत जायला लागली, आणि ठोकळे मला ठोकळे म्हणून दिसायचेच बंद झाले. रोज मी त्या कपाटासमोर बसून वाचतो.

दुकानदाराला म्हटलं, ठोकळे घरी आहेत. तो म्हणाला, चिरा नाहीत ना बघा, दोन्ही बाजूंना एकावर एक आडवे दोन-दोन रचा, आणि जॅकवर गाडी असताना खाली बोटसुद्धा घालू देऊ नका. मग सामान रिक्षात चढवायला स्वतः बाहेर आला.

घरी बायकोनं नवा जॅक पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. हे कशाला, म्हणाली. आपल्याला जॅक नाही का? मी म्हणालो, हा बुडाशी रुंद आहे, सोयीचा पडेल. ती म्हणाली, जुन्यात काही बिघाड वाटत असेल, तेल कमी झालं असेल तर घालता येतं, त्यासाठी वडिलांची वस्तू कुणी टाकून देत नाही.

"त्या जॅकला मी तुमच्याआधीपासून ओळखते," ती म्हणाली, आणि ते अर्धं गमतीनं होतं, अर्धं नव्हतं.

माझ्या खिशात ती अकरा पत्रं होती. मी ती तिच्या हातात दिली. तिनं एकेक करून वाचली. तिला आकडे वाचायला वेळ लागत नाही, पण अकरावं पत्र तिनं बराच वेळ धरलं.

"तुम्ही एकट्यानं गाडी उचललीत?"

"हो."

"खाली वाकला नाहीत ना?"

"मोजपट्टी लांबूनच लावली."

ती खुर्चीत बसली. मग मी रविवारचं सांगितलं. चाक, चार बोटं, तीन बोटं, डोळा. सगळं क्रमाने सांगितलं, मला तसंच येतं. शेवटी म्हणालो, "मला दिसत होतं. मी बोललो नाही. आणि ठोकळे माझ्या कपाटाखाली आहेत."

ती रागावेल याची मी वाट बघत होतो. रागावली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ पत्रं सारखी करत बसली, कडा जुळवत, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, की ठोकळे तिनंही ओढून काढायला हवे होते. "बाबा म्हणायचे, जॅकवर गाडी, ठोकळ्यावर जीव. मला पाठ आहे. तरी जात होते. इतक्या वर्षांत काही झालं नाही, म्हणून."

मी पत्रं तिच्या हातातून घेतली.

"पण तुम्ही एक करा," ती म्हणाली. "खोटं दिसलं तरी बोला. नसेल काही तर मी दोन शिव्या देईन, त्याच्यापुढे काय होणार आहे? शिव्यांनी माणूस मरत नाही."

संध्याकाळभर आम्ही पुस्तकं उतरवली. ती उतरवत होती, मी क्रम बिघडू नये म्हणून ढिगांवर चिठ्ठ्या ठेवत होतो. दोनदा मी एखादं पुस्तक उघडून वाचायला लागलो आणि तिनं काही न बोलता ते माझ्या हातातून काढून घेतलं. कपाटाखाली आता विटा आहेत. तिनं सुचवलं होतं, की बाबांचा जॅक लावा, रोज सकाळी दोन दांडे मारले की झालं, तुम्हालाही तेवढाच व्यायाम. पण ते म्हणताना ती जॅक फडक्यानं पुसत होती. पुसून तो तिनं तिच्या पान्यांच्या फळीवर ठेवला, दांडा भिंतीकडे करून.

ठोकळ्यांना चिरा नव्हत्या. तारीख कोरलेला ठोकळा तिनं जरा वेळ हातात धरला.

रविवारी नवा जॅक सरकत आत गेला. तिनं गाडी उचलली, दोन्ही बाजूंना एकावर एक आडवे दोन-दोन ठोकळे रचले आणि जॅक सावकाश सोडून गाडी त्यांच्यावर टेकवली. मग कंबरेनं गाडीला दणका दिला. हलते का, मला विचारलं. नाही, मी म्हणालो. बघून सांगा, म्हणाली. मी बघून सांगितलं. मग ती आडवी झाली आणि आत गेली.

मी बॅटरी धरून स्टुलावर बसलो. नट गंजलेला होता, ती त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती. मी चाकाकडे बघत होतो. पाऊण तासानं चाकाखालची सावली मला बारीक झाल्यासारखी वाटली. सावली असेल, डोळा असेल. ऊन सरकलं असेल.

"थांब," मी म्हणालो. "बाहेर ये."

आतला पाना थांबला. ती सरकत बाहेर आली, चेहऱ्यावर गंजाची भुकटी, उठून ठोकळ्यांवर हात फिरवला, चाकाखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. ऊन सरकलं होतं. ठरल्याप्रमाणे तिनं दोन शिव्या दिल्या, एक मला आणि एक माझ्या डोळ्याला, आणि पुन्हा आत गेली.

वीस मिनिटांनी मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा बाहेर आली.