नंबर दोनशे सतरा

…नाकाच्या जागी आता फक्त एक पांढरा ठिपका उरला होता. चमकीचा असावा. ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये कधीतरी पाणी शिरलं होतं आणि त्यानं आतला चेहरा कडेकडेनं खात आणला होता — आधी कान, मग गाल, मग कुंकू — आणि रविनाला वाटलं, फोटो इतका गेला म्हणून तर आजवर निभावलं, नाहीतर कधीच… तिनं कार्ड पालथं केलं. मागे नंबर मात्र ठसठशीत होता. दोनशे सतरा. लहानी काळू मेंगाळ, पॅकिंग.

सकाळचे साडेनऊ झाले होते. जुनी कार्डं रबर लावून खोक्यात भरायची होती, कारण सोमवारपासून ती कोणालाच लागणार नव्हती. फाटकावर चेहरा दाखवायचा, यंत्रानं ओळखलं की आत. चारशे अडतीसपैकी चारशे नऊ चेहरे कालपर्यंत घेऊन झाले होते, उरलेले आज. हे यंत्र बसवायला पुण्याहून आलेला पंकज संध्याकाळी सहाला परत जाणार होता आणि तो जायच्या आत रविनानं पडद्यावरच्या एका वाक्याखाली आपलं नाव द्यायचं होतं — वरील प्रत्येक नोंद एका खऱ्या, हयात आणि स्वतः कामावर येणाऱ्या व्यक्तीची आहे, याची मी खात्री केली आहे. ‘स्वतः’ हा शब्द तिनंच सुचवलेला होता, सप्टेंबरात, मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर.

मुरबाडच्या या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची झाकणं तयार होत. सहा वर्षांपूर्वी कंपनी म्हणजे एवढंच होतं. मग व्हिएतनाममध्ये एक कारखाना घेतला, पोलंडमध्ये एक, यंदा मेक्सिकोत; आणि मग वरच्या लोकांच्या ध्यानात आलं की आपली माणसं नेमकी किती, हेच आपल्याला ठाऊक नाही. म्हणून हे ईआरपी — माल, मशीन, माणसं, रजा, सगळा कारभार एकाच संगणकी चौकटीत. आज चार हजार माणसं आहेत, उद्या चाळीस हजार झाली तरी चौकट तीच. पंकज हे असं सांगे की जणू घरचं लग्न काढलंय. एक माणूस, एक नोंद, म्हणे. आणि रविनाला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. ऑफिसात कारकून म्हणून लागलेली पाड्यावरची पोर, आणि माणसांची सगळी यादी साफ करायचं काम तिच्याकडे आलं, तिचं नाव पोलंडपर्यंत गेलं. निम्म्या तालुक्याची जन्मतारीख एक जून — गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं — आणि तिकडच्या एका बाईंनी मेल करून विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे काही विशेष असतं का? ऑफिस दिवसभर हसत होतं. रविनाही हसली, तिचाही वाढदिवस एक जूनच.

आठ महिने ती यादी तिनं वर-खाली केली. दोनशे सतरावर आलं की बोट आपोआप पुढे सरके. बघू नंतर…

लहानी तिची काकू. आणि आत्ता, या घटकेला, पॅकिंगमध्ये दोनशे सतराच्या जागेवर बसून झाकणं निवडत होती ती तिची आई, हिराबाई.

वैशाखरे गावाच्या वर, रस्त्यावरून अर्धा तास चढून गेलं की त्यांचा पाडा. चौदा वर्षांपूर्वी कंपनीत बायका घेतायत असं कळलं तेव्हा दोघी जावा मिळूनच फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कागद धड होते ते फक्त लहानीचे. तर नाव लहानीचं लागलं, आणि घरी येऊन चुलीपाशी बसून दोघींनी ठरवलं: एक महिना तू, एक महिना मी. घरी राहील तिनं नाचणी, भात, गुरं आणि ही पोर बघायची. पॅकिंगवरच्या धोंडूबाईला पहिल्याच महिन्यात कळलं, पण ती म्हणाली, हात चालतात ना, मग झालं. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. यांचं पटलं, कारण न पटून सांगणार कोणाला. पुढे काका गेले, काकूला मूलबाळ नाही, तरी महिन्याची अदलाबदल काही मोडली नाही. आणि शाळेतून घरी येणाऱ्या रविनाला दारातून आत पाऊल टाकेपर्यंत ठाऊक नसे की आज चुलीपुढे कोण असेल. महिना संपला की उंबऱ्यातली बाई बदले. भाकरी तीच, रागावणं तेच. मैत्रिणींना ती ऐटीत सांगे, मला दोन आया आहेत. तापात कपाळावर ठेवलेला हात कोणाचा होता, ते तिला आजही आठवत नाही. कॉलेज झालं ते त्या एका नोकरीवर. कोणाच्या, असं कोणी विचारलंच नव्हतं.

आता विचारलं होतं. आणि माणसानं विचारलं असतं तर काही थाप मारता आली असती, पण यंत्राचा हिशेब सरळ होता — पहिल्यांदा जो चेहरा दाखवाल तो खरा. आज आई कॅमेऱ्यापुढे उभी राहिली की आई ही लहानी, कायमची. मग खरी लहानी फाटकावर आली तर यंत्र तिला ओळखणार नाही. नुसतं या फाटकावर नाही. तिचे आधारचे आकडे या नोंदीला जोडलेले, तेव्हा दुसऱ्या कुठल्या कंपनीतही ती आपल्या नावानं उभी राहू शकणार नाही. तिचं नाव आई वापरत असेल. आणि काकूचा चेहरा घेतला, तर आईची सात वर्षं — महिन्याआडची का होईना, सातच ना — कधी झालीच नव्हती.

अकराच्या सुमारास तिनं गुपचूप आईची नवी नोंद करून पाहिली. हिराबाई मेंगाळ, वय एकोणपन्नास, शिक्षण… वयाच्या रकान्यापाशीच पडदा लाल झाला. पस्तिशीपुढच्यांची नवी भरती बंद. हा नियमही तिनंच भरलेला.

खरं सांगावं? तिच्या वरिष्ठ संजीवनी मॅडमच्या केबिनचं दार उघडंच होतं. मॅडम वाईट नव्हत्या, पण नियम म्हणजे नियम. दोघी जातील आणि माहीत असून लपवलं म्हणून आपणही. भगीरथसारखं…

भगीरथचं वेगळं होतं. डोळखांबकडचा तो, भाऊ चांगोच्या नावावर दोन वर्षं मशीनवर काम करत होता, आणि सप्टेंबरात चांगोची अर्जावरची सही आणि हजेरीवरची सही ताडून पाहताना रविनाच्या ते लक्षात आलं. तिनं कळवलं. मेलमध्ये तिचं कौतुक झालं, तिच्या नावापुढे टाळ्यांची चित्रं आली. भगीरथ जाताना तिच्या टेबलापाशी थांबला होता, भांडायला नव्हे, हिशेबाचे कागद कुठे मिळतील ते विचारायला, आणि तिनं बोटानं पगाराची खिडकी दाखवली. तो वीटभट्टीवर गेला असं कोणी सांगितलं. वेगळं कसं? वेगळं कारण… ती फसवणूक होती. हे तर घरातलं आहे. — असं मनात म्हणून झाल्यावर ती उगाच पाणी प्यायली.

साडेबाराला तिनं जिन्याखाली जाऊन काकूला फोन लावला. काकूचा आवाज आधी वाऱ्यात गेला, मग जवळ आला. मोहाची फुलं वाळत घातलीत, यंदा बरी पडलीत, शेळ्या हाकून हाकून जीव गेला… काकू बोलत राहिली आणि रविना ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, एक तारखेचं काय करायचं? काकूला प्रश्नच कळला नाही.

“काय करायचा म्हंजे? एक तारखेला मी येते ना. लुगडा धुवून ठेवलाय.” आणि थोडं थांबून, “तो नवा मशीन बसवलाय म्हनं तुमी. हिरा सांगत व्हती. मला काय समजायचा नाय, पन तू हायेस ना तिथं.”

“हो,” रविना म्हणाली.

“मग जाला.”

काकूनं विचारलं, फोन कशापायी केला होतास, आणि रविना म्हणाली, काही नाही, असंच. फोन ठेवून तिनं घड्याळात पाहिलं. एकला वीस कमी.

जेवणाच्या सुट्टीत आई कँटीनच्या मागे, नळापाशी हात धूत होती. कंपनीत ती मुलीला मॅडम म्हणे, चारचौघींत तर म्हणेच, पण एकटी असली तरी; सवय नको मोडायला. आज मात्र तिनं आजूबाजूला पाहिलं आणि मग सरळ मुलीकडे. तिला सगळं ठाऊक होतं. बायका चार दिवस दुसरं काही बोलत नव्हत्या. रविना म्हणाली, तुम्ही दोघींनी काहीतरी ठरवायला पाहिजे होतं. हे बोलताना तिचा आवाज ऑफिसातला झाला.

आईनं पदराला हात पुसले. “आमी चौदा वर्सांमागं ठरवला व्हता,” ती म्हणाली. “आता कागद तुज्या हातात. तू ठरव. शिकलीस ना गो तू.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, रविनाला वाटलं, उलट बोलता तरी आलं असतं. आई डबा उचलून आत गेली, पाय जरा ओढत, आणि रविनाला एकदम कळलं की चार दिवस आपण काकूच्या गुडघ्यांचा, काकूच्या वयाचा, काकूला नीट वाचता येत नाही याचा विचार करत होतो. आईचेही गुडघे दुखतात. आईला तर सहीसुद्धा येत नाही.

दुपार सरता सरेना. पंकजनं दोनदा चहा मागवला. त्याचा कॅमेरा पांढऱ्या तिपाईवर होता, पुढे जमिनीवर पिवळी पट्टी, पट्टीवर उभं राहायचं, नाव सांगायचं, डोक्यावरचा पदर मागे घ्यायचा, हलायचं नाही. बायका लाजत, हसत, एकमेकींना ढकलत. त्याला गंमत वाटत होती. व्हिएतनाममध्ये पण असंच हसतात, तो म्हणाला. रविना यादीवर खुणा करत होती. सव्वीस, सत्तावीस. आत्ता म्हणता येईल, या बाईंचं डोकं दुखतंय, यांना घरी पाठवा. मग राहिलेली नोंद आपोआप बंद पडेल, दोघींची. म्हणजे तेही नाही. पण एखादा दिवस मागून घेता येईल का, पंकजला विनवता येईल का… पंकज घड्याळ बघत होता.

“तुमचं नाव, ताई?”

आई पट्टीवर उभी होती. चपला काढून, देवळात उभं राहावं तशी. महिन्याआड चौदा वर्षं ती या दारात दिराचं नाव नवऱ्याच्या जागी घेत आली होती. स्वतःच्या नवऱ्याचं नाव घरात कधी तोंडातून काढलं नाही तिनं. रविनाला वाटलं, आज अडखळेल. आज माझ्यासमोर अडखळेल, आणि मग जे व्हायचं ते होईल, माझ्या हातात काही राहणार नाही. आईनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. बाजारात भाव ठीक आहे ना, म्हणून पाहतात तेवढं. रविनानं मान खाली घातली, आणि ती हलली ती होकारासारखी हलली.

“लहानी काळू मेंगाळ,” आई म्हणाली.

पडद्यावर हिरवी चौकट आली. आईचा चेहरा तिच्यात बसला, भुवईवरच्या भाजल्याच्या डागासकट, स्वच्छ. पंकज म्हणाला, “झालं, एका फटक्यात,” आणि पुढच्या बाईला हात केला. आई पट्टीवरून उतरली. तिथंच थांबून, सगळ्यांदेखत, मॅडम वगैरे विसरून तिनं विचारलं, “बरा आला का गो?”

“आला,” रविना म्हणाली.

कंपनीची बस दुसऱ्या पाळीच्या बायकांना घेऊन वैशाखऱ्याहून पावणेदोनला निघते. पाड्यावरून रस्त्यापर्यंत उतरायला अर्धा तास. एकला वीस कमी असताना एक वाक्य पुरलं असतं — काकू, आत्ताच्या आत्ता निघ. ती आली असती, धुतलेलं लुगडं नेसून, काही न विचारता, आणि मग दोघी समोर उभ्या राहिल्या असत्या, मला दोघींकडे बघावं लागलं असतं. बस मला ठाऊक होती. बसचा तक्ता मीच भिंतीवर लावलाय. विसरले असं कोणाला सांगू? घड्याळात पाहिलं ते कशासाठी? वेळ आहे का ते पाहायला नाही… वेळ आहे हे दिसलं आणि मी काही बोलले नाही.

शेवटची बाई होऊन गेली. पंकज तारा गुंडाळत म्हणाला, मॅडम, आता फक्त तुमचं राहिलं. ते वाक्य पडद्यावर आलं होतं, खाली रिकामी जागा. रविना खुर्चीत बसली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण तसं काही झालं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आईचा फोटो अजून तसाच होता आणि तो पाहताना छातीतलं चार दिवसांचं ओझं उतरत चाललं होतं, अगदी साध्या, घरगुती समाधानानं — आईची सोय झाली. तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला. थांबलं नाही. तिला बरं वाटत होतं, आणि काकूचा विचार मुद्दाम करावा लागत होता.