बदलीचा झेल

नाणेफेकीला थोडाच वेळ उरला होता आणि माझा नवरा दुसऱ्याच किपरला सरावाचे चेंडू फेकत होता. तेव्हाच मी ओळखलं की आज आमचं काही खरं नाही.

माझ्या सासऱ्यांना, बाबांना, अजून कळलं नव्हतं. ठेवणीतला शर्ट घालून ते माझ्या शेजारी ताठ बसले होते. आदल्या संध्याकाळी कॅप्टनने नवऱ्याला सांगितलं होतं की पहिल्या किपरचं बोट सुजलंय, उद्याची कसोटी तू खेळतोस. त्याने लगेच घरी फोन केला. जन्मभर राखीव राहिलेल्या माणसाने अकरा जण मैदानात उतरेपर्यंत तरी तोंड बंद ठेवावं, पण नाही राहवलं त्याला. पस्तिशी उलटलेली. संघातली पोरं त्याला तात्या म्हणतात. पाणी पोचवा, बॅटी सांभाळा, नेटमध्ये राबा. सगळ्या लष्कराच्या भाकऱ्या. ही संधी गेली तर पुढची येणार नव्हती.

पण सकाळी पहिला किपर म्हणाला, बोट बरं आहे. मग त्याची परीक्षा घ्यायची ठरली, आणि ती घ्यायची राखीव किपरने, ही त्यांच्याकडची पद्धत. मान ज्याची, सुरीला धारही त्यानेच लावायची.

एक चेंडू नीट उसळवून त्या बोटावर घातला की काम फत्ते. कुणाला संशयसुद्धा आला नसता. मी मनातल्या मनात म्हणत होते, घाल. खोटं कशाला बोलू? त्याने सोपे चेंडू फेकले नाहीत आणि वाकडेही फेकले नाहीत. सामन्यात येतात तसेच फेकले. समोरच्याने ओठ चावत सगळे झेलले. कॅप्टनने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. नवऱ्याने राखीव खेळाडूचं जाकीट चढवलं आणि आमच्याकडे बघून हात वर केला. मला त्याचा भयंकर राग आला.

"कसोटीची टोपी कधी देणार त्याला?" बाबांनी विचारलं.

"नाही देणार, बाबा. तो खेळत नाहीये."

"फोनवर तर म्हणाला."

"तेव्हा खरं होतं ते."



आपली गोलंदाजी आली. चार-पाच षटकं झाली असतील, तोच एक चेंडू पहिल्या किपरच्या नेमका त्याच बोटावर बसला. तो हात पोटाशी धरून खाली बसला. पंचांना विचारून तात्याला आत बोलावलं, तसे बाबा उठून उभे राहिले. मी त्यांना समजावलं की ही नुसती बदली आहे. फलंदाजी नाही, टोपी नाही, कसोटी खेळला अशी कुठे नोंदही होणार नाही. कळतं मला, म्हणाले, आणि उभेच राहिले.

पुढच्याच षटकात सलामीच्या फलंदाजाच्या बॅटची कड लागली. चेंडू खाली पडत चालला होता. नवरा उजवीकडे झेपावला आणि गवताला टेकायच्या आत त्याने तो उचलला. सगळे धावत येऊन त्याच्या अंगावर पडले. मीही ओरडत होते, राग कुठल्या कुठे गेला होता. फलकावर अक्षरं उमटली: झेल, बदली खेळाडू.

थोड्या वेळाने पहिला किपर बोटाला पट्टी गुंडाळून परतला. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नवरा ग्लोव्हज काढत, खाली बघत सीमारेषेकडे चालत निघाला. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आजोबा, बसा की आता. दिसत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"माझा मुलगा येतोय," ते म्हणाले. "तो आत गेला की बसतो."