बसल्या उंचीचं माप

सोयगावच्या प्रेरणानं चाचणीत सगळ्या पोरींपेक्षा जास्त वजन डोक्यावर नेलं, तरी वेटलिफ्टिंगच्या वसतिगृहातली जागा सोनियाला मिळाली. का, तर म्हणे प्रेरणाचं धड आखूड आणि पाय लांब! ही जागा हुकली की घरचे तिच्या लग्नाचं बघणार, हे ठरलेलंच होतं.

संभाजीनगरच्या त्या केंद्रात वजन उचलून झालं की शरीराची मापं घेतात. उभी उंची, हातांचा पल्ला, आणि मग भिंतीला लावलेल्या स्टुलावर बसवून बसलेली उंची, म्हणजे धडाचं माप. निवड करणाऱ्या हिमांशू सरांचं शास्त्र काही खोटं नव्हतं. मांडी लांब आणि धड आखूड असलं की वजन घेऊन बैठकीत जाताना अंग पुढं झुकतं. आज कितीही जोर असो, पुढं गाडं अडतंच.

पण माप घेताना समोर खुर्चीवर कोण बसलेलं? तिचे पुंजाराममामा, आणि शेजारी फर्दापूरचे कुणी वडीलधारे गृहस्थ. मोठ्यांसमोर पोरीनं छाती काढून बसायचं नसतं, हे प्रेरणाच्या हाडीमाशी खिळलेलं. सर बस म्हणाले आणि ती बसली, खांदे आवळून, पाठ गोल करून, मान खाली घालून. सरांनी पट्टी डोक्याला टेकवून आकडा घेतला. ताठ बस म्हणायला त्यांची जीभ झडली होती काय? अन् आग लागो त्या वळणाला!

बाहेर आल्यावर सोनियानंच तिला सांगितलं, अगं, तू वाकून बसली होतीस. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर डोकी सारखी, कमरा सारख्या, मग धड आखूड कुठलं? प्रेरणा पळत आत गेली, परत मोजा म्हणून विनवू लागली. सर म्हणाले, निवड जाहीर झाली, आता तुला मोजलं तर सगळ्याच येतील. ती आणखी काही बोलणार, तोच मामांनी दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

सोयगावच्या एसटीत मामांनी तिच्या आईला फोन लावला. जागा गेल्याचं दुःख आवाजात औषधालाही नव्हतं. उलट खुशीत सांगत होते, फर्दापूरच्या पाहुण्यांना पोरीचं बसणं लई आवडलं, मुलासाठी विचारत होते.

प्रेरणाला रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामा, मी वजन उचललं तेव्हा ते पाहुणे होते का तिथं?"

"नाय गं," मामा म्हणाले, "तव्हा आम्ही दोघं चहाला गेलतो."